वित्तीय सेवांचे शिक्षण (सोलापूर)

लोकांची ठेव सांभाळणे, ती गरजूला कर्जाऊ देणे, विम्याने जोखीम वाटून घेणे, बचत भांडवल बाजारात गुंतवणे आणि या साऱ्याचा हिशेब व तपासणी ठेवणे, या कामांना मिळून वित्तीय सेवा म्हणतात. सोलापुरात या विषयाचे पदवी शिक्षण मुख्यतः वाणिज्य शाखेतून होते. बी.कॉम., एम.कॉम. आणि वित्त हा विशेष विषय घेऊन एम.बी.ए. हे नेहमीचे रस्ते. पदवीने दार उघडते. आत कुठवर जाता येईल ते बहुतेक वेळा पदवीबाहेरच्या एखाद्या परीक्षेवर ठरते.

पार्श्वभूमी

सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी एका जिल्ह्यापुरते स्थापन झाले. त्याआधी इथली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. २०१९ मध्ये विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले. वाणिज्य शिक्षणाची शहरातली परंपरा मात्र विद्यापीठाहून जुनी आहे. डी.ए.व्ही. वेलणकर वाणिज्य महाविद्यालय, हिराचंद नेमचंद वाणिज्य महाविद्यालय आणि संगमेश्वर महाविद्यालयाची वाणिज्य शाखा ही त्यातली ठळक नावे. हिराचंद नेमचंद हे उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांचे वडील. या घराण्याचा मूळ व्यवसाय कापसाचा व्यापार आणि सावकारी. सोलापुरात सावकारीचा आणि मालाचा धंदा एकाच ओट्यावर चालत आला आहे, हे त्यातून कळते.

अभ्यासक्रम

वित्तीय लेखांकन, परिव्यय लेखांकन, व्यापारी कायदा, बँकिंग, आयकर, जीएसटी, लेखापरीक्षण आणि सांख्यिकी हा पदवीचा गाभा. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नुसार पदवी तीन वर्षांची किंवा ऑनर्ससह चार वर्षांची करता येते.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची पहिली अडचण शब्दांची असते. आजोबांच्या दुकानात त्याने कीर्द, खतावणी, तेरीज, नावे-जमा हे शब्द ऐकलेले असतात. वर्गात तेच जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स, डेबिट-क्रेडिट होऊन समोर येतात. दोन्हींची सांगड घालून देणारा शिक्षक मिळाला, की मुलाची भीती आठवड्याभरात जाते. ती सांगड घालायची राहिली, तर टॅली या संगणकावरच्या हिशेब-प्रणालीत नोंदी भराभर टाकणारी मुलेही ताळेबंद वाचताना अडखळतात.

शहर हीच प्रयोगशाळा

सोलापुरात कर्ज पुस्तकात शोधावे लागत नाही. यंत्रमागावर चादर आणि टॉवेल विणणारा कारखानदार उधारीवर सूत घेतो आणि मालाचे पैसे त्याच्या हातात उशिरा पडतात. मधला काळ साठ्याच्या तारणावर लागेल तशी उचल देणाऱ्या बँकेच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे रोजच्या भाषेतल्या ‘सीसी’वर निघतो. त्यासाठी दर महिन्याला बँकेत स्टॉक स्टेटमेंट द्यावे लागते. समजा, सूत आणि तयार चादरी मिळून साठा २४ लाखांचा आहे आणि त्यातले ६ लाख सूतवाल्याचे देणे बाकी आहे. पैसे चुकते झालेला साठा १८ लाखांचा. त्यातून २५ टक्के मार्जिन, म्हणजे कारखानदाराने स्वतः घालायचा वाटा, वजा केले, की १३ लाख ५० हजार उरतात. मंजूर मर्यादा २० लाखांची असली, तरी या साठ्यावर त्या महिन्यात एवढीच उचल करता येते. यालाच ड्रॉइंग पॉवर म्हणतात. व्याज किंवा हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला, की मुदत कर्जाचे खाते अनुत्पादक (एनपीए), म्हणजे बँकेला उत्पन्न न देणारे, ठरते. सीसीत मात्र खाते सलग ९० दिवसांहून अधिक काळ मर्यादेबाहेर राहिले, तरीही तोच शिक्का बसतो. साठा घटला किंवा सूतवाल्याचे देणे वाढले, की ड्रॉइंग पॉवर घटते आणि खाते मर्यादेबाहेर जाऊ शकते. ही साखळी समजलेल्या मुलाला कर्जविभागात पहिल्या दिवसापासून काम करता येते.

जिल्ह्यातले साखर कारखाने हा दुसरा धडा. ऊस कारखान्याला दिल्यावर १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेली उसाची किमान किंमत, द्यावी, असे कायदा सांगतो. साखर मात्र वर्षभर थोडी थोडी विकली जाते. म्हणून कारखाना गोदामातली साखर बँकेकडे तारण ठेवून पैसे उभे करतो. मंगळवेढ्याची ज्वारी, सांगोल्याचे डाळिंब यांच्या पीककर्जाचे गणित वेगळे. मुदतीत परतफेड करणाऱ्या शेतकऱ्याला केंद्राची व्याज सवलत मिळते आणि वर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचाही आधार असतो.

तिसरा धडा पिग्मीचा, म्हणजे रोज थोडी थोडी गोळा होणाऱ्या ठेवीचा. संध्याकाळी नवी पेठेत, मंगळवार पेठेत हातात छोटे यंत्र घेऊन दुकानोदुकानी फिरणारा एजंट पन्नास-शंभर रुपये घेतो, पावती फाडून देतो आणि दुसऱ्या दिवशी रक्कम संस्थेत भरतो. पानटपरीवाल्याची वर्षाची बचत अशी उभी राहते. गल्लीतली भिशी, विडी कामगार बायांचे बचत गट हेही याच घराण्यातले. वित्तीय सेवांच्या अभ्यासात यांना अजून फारच कमी जागा मिळते आणि ती वाढायला हवी.

व्यवसायाच्या वाटा

सरकारी बँक हे सोलापूरकर घराचे जुने स्वप्न. १९६९ मध्ये १४ आणि १९८० मध्ये आणखी ६ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, शाखा वाढल्या आणि ते स्वप्न आवाक्यात आले. स्टेट बँक वगळता बाकी सरकारी बँकांच्या लिपिक आणि अधिकारी भरतीची परीक्षा आयबीपीएस ही संस्था घेते. यासाठी कुठल्याही शाखेची पदवी चालते, वाणिज्यचीच हवी असे नाही. २०२१ मध्ये लिपिक भरतीच्या परीक्षेसाठी मराठीसह १३ प्रादेशिक भाषांचा पर्याय खुला झाला. लिपिकाला ज्या राज्यात अर्ज करायचा तिथली भाषा बोलता, वाचता आणि लिहिता यावी लागते. इथे सोलापूरचा एक दुर्लक्षित लाभ दिसतो. अक्कलकोटकडे कन्नड आणि शहरातल्या विणकर वस्त्यांत तेलुगू घरोघरी बोलली जाते. पुष्कळांना ती बोलता येते, लिपी येत नाही. ती लिपी शिकून घेतली, तर कर्नाटक किंवा तेलंगणातल्या जागांचा विचार करता येतो. नोकरी लागल्यावर जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या परीक्षा बढतीला उपयोगी पडतात.

सनदी लेखापालाची वाट लांबची आहे. बी.कॉम.ला ५५ टक्के गुण असतील तर फाउंडेशन परीक्षा टळते आणि थेट इंटरमिजिएटला बसता येते. २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप, म्हणजे सनदी लेखापालाच्या हाताखालची उमेदवारी, तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. सनदी लेखापाल संस्थेची शाखा शहरात असल्याने सुरुवातीला गाव सोडावे लागत नाही. जुलै ते सप्टेंबर विवरणपत्रे आणि कर-लेखापरीक्षणाचा हंगाम असतो. त्या दिवसांत ऑफिसात रात्री उशिरापर्यंत फायलींचे गठ्ठे उलगडणारी मुले जे शिकतात, ते दोन सत्रांच्या वर्गात शिकवता येत नाही.

भांडवल बाजारातल्या कामाला एनआयएसएम (राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्था) हिची प्रमाणपत्रे लागतात. म्युच्युअल फंड वितरकासाठीची परीक्षा ५० टक्के गुणांनी उत्तीर्ण होता येते आणि प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. विमा एजंटाचीही स्वतंत्र परीक्षा असते. विश्लेषण, संशोधन, निधी व्यवस्थापन ही कामे मात्र पुण्या-मुंबईतच. मुलाखतीला निघालेली मुले रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने जातात किंवा पहाटे हुतात्मा एक्सप्रेस पकडतात आणि बरीचशी तिकडेच स्थिरावतात.

सहकार हे याच जिल्ह्यात राहून करता येण्याजोगे मोठे क्षेत्र आहे. नागरी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण असते, पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली सहकार खात्याच्या देखरेखीत चालते. सहकारी बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचे कवच आहे (४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ते १ लाखाचे होते), पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. हा फरक वाणिज्यच्या पहिल्याच वर्षी शिकवला जावा, कारण विद्यार्थ्याच्या आईवडिलांची पुंजी बहुधा अशाच संस्थेत असते.

संस्थांच्या हिशेब तपासणीसाठी राज्याचे सहकार आयुक्त जी.डी.सी. अँड ए. (शासकीय सहकार व लेखा पदविका) ही परीक्षा घेतात. पदवीधराला ती देता येते आणि पात्रता पूर्ण करणाऱ्याचे नाव लेखापरीक्षकांच्या नामतालिकेत येऊ शकते. अशा लेखापरीक्षकाने संस्थेच्या खतावणीवरच विसंबून चालत नाही. तो काही खातेदारांची पिग्मीची पुस्तके आणि पावत्या मागवतो, एकेक तारीख खतावणीशी ताडून पाहतो. पुस्तकात शंभर आणि खतावणीत पन्नास असे दिसले, की बाकीची तपासणी बाजूला ठेवून त्या एजंटाची सगळी पावतीपुस्तके टेबलावर येतात.