नौदलाची निवृत्त हेलिकॉप्टरं: सी किंगच्या सुट्या भागांची पार्श्वभूमी

विशाखापट्टणमच्या आयएनएस डेगा तळावर २८ जून २०२४ रोजी यूएच-३एच हेलिकॉप्टरांना निरोप देण्यात आला. सतरा वर्षांची सेवा झाली होती. त्यांतलं एक राज्य सरकारला कायमच्या प्रदर्शनासाठी देणार हेही त्याच वेळी जाहीर झालं. आता ते तिथल्या बीच रोडवर, कुरसुरा पाणबुडी, टीयू-१४२ आणि सी हॅरियर या निवृत्त विमानांच्या पंगतीत उभं आहे. बातम्यांतून त्याला सरसकट 'सी किंग' म्हटलं गेलं. ते चूक नाही, पण त्यामुळे बऱ्याच जणांचा समज झाला की १९७१ पासून पाणबुड्यांच्या मागावर असलेलं हेलिकॉप्टर ते हेच.

ते हे नव्हे. ही सहा यंत्रं अमेरिकी नौदलाची जुनी. मुळात पाणबुडीविरोधीच होती, पण अमेरिकेतच त्यांच्यातला सोनार, म्हणजे पाण्याखालच्या आवाजावरून पाणबुडी हेरणारी यंत्रणा, काढून त्यांना सामान आणि माणसं वाहण्याच्या कामाला लावलेलं. आयएनएस जलाश्व ही अमेरिकेकडून घेतलेली सैन्यवाहू नौका २००७ मध्ये आली तेव्हा तिच्याबरोबर सुमारे ३.९ कोटी डॉलरना ती घेतली. २००९ मध्ये त्यांच्यासाठी डेगावर वेगळी स्क्वॉड्रन उभी राहिली. शोध आणि बचाव, रसद, कमांडोंची ने-आण ही त्यांची कामं. पाणबुडीशी त्यांचा आपल्याकडे कधी संबंध आला नाही. त्यांच्या जागी त्या स्क्वॉड्रनमध्ये काय आलं, तर सी किंग ४२सी. म्हणजे तेही १९८० च्या दशकातलंच. आपल्या नौदलात 'निवृत्ती' या गोष्टीला वयापेक्षा सुट्या भागांचा हिशेब जास्त लागू होतो, हे एवढ्यावरूनच लक्षात यावं.

पाणबुडीवाली सी किंग म्हणजे इंग्लंडमध्ये वेस्टलँडने बांधलेली मार्क ४२, ४२ए आणि ४२बी. मूळ रचना अमेरिकी, सिकोर्स्कीची, १९५९ मध्ये पहिल्यांदा उडालेली. इंग्रजांनी परवाना घेऊन तिच्यात आपली इंजिनं आणि आपली यंत्रणा बसवली. ही दुहेरी वंशावळ पुढे महागात पडली.

त्याआधीचा काळ थोडक्यात. विमानवाहू विक्रांतच्या डेकवर आलूएत हेलिकॉप्टर, म्हणजे आपलं चेतक, विमान उतरताना पाण्यात पडलं तर वैमानिकाला उचलायला हवेत तयार असायचं. या कामाची स्क्वॉड्रन मार्च १९६९ मध्ये रीतसर उभी राहिली. एप्रिल १९७१ मध्ये कोचीला पहिल्या सी किंग स्क्वॉड्रनची स्थापना झाली आणि आठ महिन्यांत युद्ध आलं. विक्रांत बंगालच्या उपसागरात गेली, सी किंग पश्चिमेला राहिली. ९ डिसेंबरला दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने आपली खुकरी ही युद्धनौका बुडवली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्यानंतर त्या पाणबुडीच्या शोधात नवी कोरी सी किंगही होती. पाणबुडी निसटली. पण जहाजावर स्वतःचं हेलिकॉप्टर हवं, हा धडा पक्का बसला. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या तारागिरी आणि विंध्यगिरी या युद्धनौकांवर ४२ए बसवलं गेलं. डोलत्या जहाजावर एवढं जड हेलिकॉप्टर दोराने खेचून उतरवायची व्यवस्था त्यासाठी करावी लागली. १९८३ ची गोदावरी तर दोन-दोन सी किंग घेऊन फिरू शकत होती. राजपूत वर्गाच्या रशियन विनाशिकांबरोबर कामोव्ह-२५ आलं. एकावर एक दोन रोटर, शेपटीला पंखा नाही, त्यामुळे चिमुकल्या हँगरमध्ये मावणारं. १९८८ पासून ४२बी आलं, सी ईगल क्षेपणास्त्र घेऊन, आणि पुढची तीसेक वर्षं मुख्य भार त्यानेच उचलला.

आता मुद्द्याचं वर्ष. १९९८.

मे महिन्यात पोखरणचे स्फोट झाले आणि अमेरिकेने निर्बंध लादले. हेलिकॉप्टर इंग्रजी, पण रचना अमेरिकी, आणि आतले कित्येक भागही अमेरिकी. त्यामुळे इंग्लंडमधूनही सुटे भाग येईनात. सी किंग एकामागून एक जमिनीवर बसू लागली. शेवटी नौदलाने दुसरं कुणीही केलं असतं तेच केलं: काही यंत्रं बाजूला काढली आणि त्यांचे भाग काढून बाकीची उडती ठेवली. याला हँगरमध्ये कॅनिबलायझेशन म्हणतात. एकाचा गिअरबॉक्स दुसऱ्याला, दुसऱ्याचा हायड्रॉलिक पंप तिसऱ्याला. सप्टेंबर २००१ मध्ये निर्बंध उठले तरी जे खोललं गेलं ते सगळं पुन्हा जोडलं जाणार नव्हतं. काही सांगाडे सांगाडेच राहिले.

त्याच १९९८ मध्ये गोव्यात, दाबोळीहून बोगमाळोकडे जाणाऱ्या वाटेवर, नौदलाचं हवाई संग्रहालय उघडलं. एकाच वर्षी एकीकडे जुनी विमानं जपायला जागा तयार झाली आणि दुसरीकडे चालू हेलिकॉप्टरं नाइलाजाने पोखरली जात होती. हा योगायोग कुणी फारसा नोंदवत नाही, पण आज संग्रहालयांत आपण जे बघतो त्याचं बरंचसं स्पष्टीकरण इथे आहे.

सी किंगपुरता वाद इथूनच सुरू होतो. एक बाजू म्हणते, लढाऊ यंत्र उडण्यासाठी असतं. त्याचा प्रत्येक भाग शेवटपर्यंत वापरला जावा, आणि उरलेला सांगाडा रंगवून चौकात उभा करावा. बघणारा बाहेरूनच बघतो, आत गिअरबॉक्स आहे की नाही त्याला काय कळणार. दुसरी बाजू म्हणते, प्रत्येक प्रकारातलं किमान एक यंत्र सुरुवातीपासून हात न लावता बाजूला ठेवायला हवं होतं. निर्बंधांच्या काळातही, एक तरी.

या दुसऱ्या बाजूचा आग्रह मला १९९८ पुरता तरी पटत नाही. समुद्रात जहाजं हेलिकॉप्टरविना फिरत असताना एक धडधाकट सी किंग संग्रहालयासाठी राखून ठेवा, असं म्हणायला कुणाची जीभ रेटली नसती. तक्रार असायला हवी ती नोंदींबद्दल. प्रत्येक यंत्राचं लॉगबुक असतं: किती तास उडालं, कोणत्या जहाजावर होतं, कोणता भाग कधी बदलला. भागांची अदलाबदल झाली की ही कुंडली महत्त्वाची ठरते, कारण प्रदर्शनातल्या यंत्राची शेपटी एकाची आणि नाक दुसऱ्याचं असू शकतं आणि अंगावर रंगवलेला क्रमांक तिसऱ्याचाच. जगभर हेलिकॉप्टरांच्या बाबतीत हे सर्रास घडतं. बोर्डावर मात्र वजन, वेग आणि पल्ला एवढंच लिहिलेलं असतं. नेमकं हेच यंत्र कुठे होतं, हे विचारलं तर उत्तर मिळेलच असं नाही.

जाणकार माणूस सी किंगजवळ गेला की आधी पोटाकडे बघतो. पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राच्या केबिनच्या मजल्यात सोनार खाली सोडायची विहीर असते. हेलिकॉप्टर लाटांच्या वर स्थिर थांबायचं, तारेला बांधलेला सोनार पाण्यात उतरायचा आणि कानाला हेडफोन लावलेला ऑपरेटर खालची चाहूल घ्यायचा. यूएच-३एच केल्यावर सोनार गेला, ती जागा झाकली गेली आणि केबिन माणसांसाठी मोकळी झाली. दोन्हींचं बाहेरचं रूप सारखंच: होडीसारखं पोट, दोन्ही बाजूंना चाकं पोटात घेणारे फुगीर तरंडे, मागे दुमडून ठेवता येणारी पाती. विशाखापट्टणमच्या त्या यंत्रासमोर दोन ओळींत हा फरक सांगितला असता तर गोंधळ झालाच नसता.

उघड्यावर ठेवण्याचा प्रश्न वेगळा. विमानापेक्षा हेलिकॉप्टर जपणं अवघड असतं, हे पटकन लक्षात येत नाही. गिअरबॉक्सच्या आवरणांत मॅग्नेशियमची मिश्रधातू असते आणि खारी हवा तिला सगळ्यात आधी खाते. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात स्टीलचा बोल्ट असला की दोन धातूंच्या सांध्यावर गंज धरतो आणि रंगाखाली फुगतो. सी किंगचं पोट होडीचं असल्याने पावसाचं पाणी आत साचायला भरपूर जागा. लांब पाती वर्षानुवर्षं जोडलेली ठेवली तर वाकतात, वाऱ्याने हलत राहतात. कॉकपिटची काच पिवळी पडते. बोगमाळो काय आणि विशाखापट्टणम काय, दोन्हीकडे समुद्र हाकेच्या अंतरावर आणि पावसाळा दणदणीत. विशाखापट्टणमला तर ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळाने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. तरी नवं हेलिकॉप्टर बीच रोडवरच मांडलं गेलं, कारण पर्यटक तिथे येतात. हा हिशेब समजण्यासारखा आहे. पण दर दोन-तीन वर्षांनी रंगाचा नवा हात म्हणजे जतन नव्हे. उलट जुन्या रंगाखालच्या खुणा आणि बारीक सूचना त्यातच गडप होतात.

मुंबई-कोकणाच्या वाचकाला इथे साहजिकच विक्रांत आणि विराट या विमानवाहू नौका आठवतील. विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली, पुढे मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून राहिली आणि २०१४ मध्ये लिलाव होऊन दारुखान्यात तोडली गेली. विराटसाठी २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीजवळ ८५२ कोटींचा संग्रहालय आणि हॉटेलचा प्रकल्प मंजूर केला. पण २०२० मध्ये ती तोडण्यासाठी अलंगला पोहोचली. जहाज ठेवायचं तर गोदी, दुरुस्ती आणि कायमचा खर्च. हेलिकॉप्टर ट्रेलरवर चढतं, बागेच्या कोपऱ्यात मावतं. दोन जहाजं हातची गेल्यावर विमानं आणि हेलिकॉप्टरं मांडण्याकडे ओढा वाढला, यात नवल नाही. विराट तर पूर्वाश्रमीची ब्रिटिश नौदलाची हर्मिस, १९८२ च्या फॉकलंड युद्धातही तिच्या डेकवर सी किंगच होती. ज्या डेकांवरून आपली सी किंग उडाली ती दोन्ही डेकं मात्र आता भंगारात निघालेली आहेत.

इंग्लंडची तऱ्हा निराळी. तिथे शेवटची सी किंग २०१८ मध्ये नौदलातून गेली. काही संग्रहालयांत गेली, काही विकली गेली. स्कॉटलंडमध्ये एकाची तर पर्यटकांना रात्री मुक्कामाला द्यायची खोली झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये तीन युक्रेनला दिली गेली, जर्मनीनेही नंतर आपली सहा देऊ केली. निवृत्त म्हणून बाजूला काढलेलं यंत्र पुन्हा युद्धात जाऊ शकतं, मग ते कायमचं बंद करून मांडायचं कधी, हा प्रश्न तिकडेही सुटलेला नाही.

आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये कोचीला एमएच-६०आर या नव्या अमेरिकी हेलिकॉप्टरांची पहिली स्क्वॉड्रन उभी राहिली. ४२बी ची जागा घ्यायला एकूण चोवीस यंत्रांचा करार २०२० मध्ये झाला होता. त्याआधी एका वेगळ्या सिकोर्स्की हेलिकॉप्टरची निवड होऊन ती खरेदी बारगळली होती, त्यात ४२बी ला आणखी काही वर्षं ओढत न्यावं लागलं. ४२बी जसजशी सेवेतून उतरतील तसतसे मुंबई, कोची, गोवा, शिवाय एखाद-दुसरा जिल्हा, सगळेच मागणी करतील. चेतक जाईल तेव्हा तर ढीग असेल, त्याची काळजी नको. ४२बी चं तसं नाही. सोनार, रडार आणि क्षेपणास्त्राच्या जोडण्यांसकट एक यंत्र त्याच्या स्वतःच्या लॉगबुकसह छपराखाली ठेवायचं असेल, तर ते कोणतं हे शेवटचं यंत्र उतरण्याआधी ठरवावं लागेल. आता निर्बंधांची सबब नाही. उरलेल्या यंत्रांना लागणारे भाग बाकीच्या सांगाड्यांतून घेता येतील.