नागपूरचा मे महिना आणि मोठ्या आतड्याची काटकसर

मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेला की नागपुरात सकाळच्या पेपरातून 'पोट साफ' करणाऱ्या चूर्णांची पत्रकं पडू लागतात. आतड्यात म्हणे कित्येक किलो जुना मळ चिकटून बसलेला असतो. हे धादांत खोटं आहे. आतड्याच्या अस्तराच्या पेशी चार-पाच दिवसांत झडतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. अशा भिंतीला वर्षानुवर्षं काहीही चिकटून राहत नाही. मळाचं विष रक्तात भिनतं ही भीतीही जुनीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आर्बथनॉट लेन या लंडनच्या नामांकित सर्जनने याच कल्पनेपायी अनेकांची मोठी आतडी कापून काढली होती. वैद्यकशास्त्राने ती कल्पना केव्हाच टाकून दिली. तीच भीती घालून आजही लोकांच्या खिशाला हात घातला जातो, याची मला चीड येते. कारण उन्हाळ्यात शौचाला खडा का होतो याचं खरं उत्तर फार सुंदर आहे.

आपल्या खाण्यापिण्यातून रोज साधारण २ लिटर पाणी पोटात जातं. त्यात लाळ, जठररस, पित्त वगैरे मिळून शरीर स्वतःचे ७ लिटर ओततं. या ९ लिटरमधलं बहुतेक पाणी लहान आतडं परत घेतं. मोठ्या आतड्यापर्यंत दीडेक लिटर पोचतं आणि शौचावाटे बाहेर पडतं ते जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर. मऊ शौच आणि खडा यांतला फरक या शेवटच्या थोड्याशा पाण्याचा.

हे पाणी शोषलं जातं कसं? शरीरात पाणी ओढणारा पंप नाही. शरीर मीठ ओढतं आणि पाणी त्याच्या मागोमाग जातं. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशींना मळाच्या बाजूने मिठातल्या सोडियमपुरत्या बारीक वाटा असतात आणि रक्ताच्या बाजूने सोडियम बाहेर फेकणारे पंप. पंप सतत चालू असल्यामुळे पेशीत सोडियम कायम कमी राहतं, म्हणून मळातलं सोडियम आत शिरत राहतं. इथले पेशींमधले सांधेही इतके घट्ट असतात की एकदा घेतलेलं मीठ सहसा परत झिरपत नाही. बदल्यात पोटॅशियम बाहेर सोडलं जातं, त्यामुळे मळात सोडियम अगदी कमी आणि पोटॅशियम भरपूर सापडतं.

या वाटा किती उघडायच्या हे अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक ठरवतं. उन्हात घामावाटे पाणी आणि मीठ जातं, किडनीला ते जाणवतं, ती रेनिन हे विकर (एन्झाइम) सोडते, त्यामुळे रक्तात अँजिओटेन्सिन हे संप्रेरक तयार होतं आणि ते किडनीवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीकडून अल्डोस्टेरॉन सोडवून घेतं. मीठ वाचवण्याचा हा हुकूम किडनीइतकाच मोठ्या आतड्यालाही लागू होतो. शौच कोरडं होण्यामागे हाच हुकूम असतो. लघवी थोडी आणि गडद होते ती मात्र मुख्यतः व्हासोप्रेसिन या पाणी वाचवणाऱ्या दुसऱ्या संप्रेरकामुळे. आपलं शरीर पाण्याचा थेंबन् थेंब जपतं, हे पाहून मी दरवेळी थक्क होतो.

दुसरी गोष्ट वेळेची. मळ जितका जास्त वेळ आत राहील तितका तो सुकतो. सकाळी उठल्यावर आणि पोटात काही गेल्यावर मोठं आतडं जोरात आकुंचन पावतं, म्हणून चहा किंवा तर्री-पोह्यांनंतर कळ येते. नेमके त्याच वेळी आपण वर्धा रोडच्या सिग्नलला अडकलेलो असतो. कळ दाबली की ती विरते, मळ तिथेच पडून राहतो आणि आणखी कोरडा होतो. ऑफिसला पंधरा मिनिटं उशीर झालेला परवडला, पण कळ दाबू नये.

मग भरपूर पाणी प्यायलं की झालं? घामाने पाणी कमी पडलं असेल तर नक्की उपयोग होतो. शरीरात पाणी पुरेसं असताना मात्र जास्तीचे दोन तांबे लघवीवाटे निघून जातात. पाणी मळात धरून ठेवणारं काहीतरी लागतं. अर्धा कप पाण्यात चमचाभर इसबगोल टाकून दहा मिनिटं ठेवा. घट्ट गोळा होतो, फडक्यात घालून पिळला तरी पाणी फारसं सुटत नाही. गव्हाचा कोंडा तसाच भिजवून पिळा, पाणी लगेच निथळतं. इसबगोलाचा चीक आतड्यातले जीवाणू फारसा पचवू शकत नाहीत, त्यामुळे तो शेवटपर्यंत पाणी धरून राहतो. फक्त तो भरपूर पाण्यासोबतच घ्यावा, कोरडा गिळला तर घशात अडकू शकतो.

रोजच्या ताटात १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, कणकेत सुमारे ११, तर पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात ३ ग्रॅमसुद्धा नाहीत. म्हणजे भाकरी सोडून पोळी खाल्ल्याने बिघडत नाही, बिघडतं ते ब्रेड-बिस्किटांनी. संत्र्याचा रस काढून चोथा फेकू नका, फोडी खा.

चूर्णांत बहुतेकदा सोनामुखी ही रेचक वनस्पती असते. तिचे घटक मोठ्या आतड्यात पोचले की जीवाणू ते फोडतात, मग आतडं जोरात आकुंचन पावतं आणि पाणी शोषणं मंदावतं. अधूनमधून घ्यायला हरकत नाही. पण तिच्यामुळे आतडं पुरतं रिकामं होतं आणि पुढचे एक-दोन दिवस बाहेर यायला काही नसतंच. तीच बद्धकोष्ठता समजून माणूस पुन्हा चूर्ण घेतो. वास्तविक दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, इतकी सगळी रेंज नॉर्मल आहे.

लोहाच्या गोळ्या, काही बीपीच्या गोळ्या, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं, मंदावलेलं थायरॉइड, यांनीही पोट अडतं. शौचात रक्त, कारण नसताना घटणारं वजन किंवा पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय असेल तर चूर्णात वेळ न घालवता डॉक्टर गाठावा. पोट फुगलंय, उलट्या होताहेत आणि वाराही सरत नाही, असं असेल तर त्याच क्षणी हॉस्पिटलात जावं.