टॅक्सीचा परवाना: गर्दीच्या तक्रारीपासून दहा लाख डॉलरच्या बिल्ल्यापर्यंत

१६३४ साली लंडनमध्ये कॅप्टन बेली नावाच्या एका माजी दर्यावर्द्याने चार घोडागाड्या स्ट्रँड रस्त्यावरच्या मेपोल नावाच्या उंच खांबापाशी आणून उभ्या केल्या. गाडीवानांना त्याने एकसारखा पोशाख दिला, शहराच्या कुठल्या भागात जायचं तर किती घ्यायचे ते ठरवून दिलं आणि गाड्या दिवसभर तिथेच मिळतील अशी व्यवस्था केली. हे चाललंय म्हटल्यावर बाकीचे गाडीवानही तिथेच येऊन त्याच दराने सवारी घेऊ लागले. कधीकधी वीस-वीस गाड्या जमायच्या. थांबा, गणवेश आणि ठरलेलं भाडं या तिन्ही गोष्टी अशा एका धंदेवाईक माणसाच्या डोक्यातून निघाल्या. त्यात सरकारचा हात नव्हता.

सरकार आलं ते पुढच्याच वर्षी, आणि त्याची काळजी निराळी होती. रस्ते अरुंद, गाड्या फार, फरसबंदीची नासधूस होते, राजघराण्याच्या आणि सरदारांच्या गाड्या अडतात. थेम्सवरचे नावाडी तर आधीपासूनच ओरडत होते, कारण त्यांचं गिऱ्हाईक गाड्यांकडे वळलं होतं. १६३५ मध्ये राजा पहिल्या चार्ल्सने फर्मान काढलं की शहराबाहेर निदान तीन मैल जायचं असेल तरच भाड्याची गाडी वापरता येईल. गाडीवानाचा दर, त्याची वागणूक, गाडीची अवस्था यांतलं काहीही या फर्मानाच्या मुळाशी नव्हतं. मुद्दा एकच होता, गाड्या कमी करा.

टॅक्सीच्या परवान्याचा इतिहास वाचताना ही दोन टोकं सुटी धरून ठेवावी लागतात. गाड्या किती असाव्यात हा एक प्रश्न आणि गाडी कशी असावी हा दुसरा. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, दोन्हींत हितसंबंध असलेली माणसं वेगळी आहेत. पण दोन्हींचं उत्तर एकाच कागदावर लिहिलं गेलं आणि पुढची बरीचशी भांडणं तिथून सुरू झाली.

हा कागद पहिल्यांदा नीट तयार झाला १६५४ मध्ये, राजेशाही उलथल्यानंतरच्या क्रॉमवेलच्या राजवटीत. लंडन, वेस्टमिन्स्टर आणि भोवतालच्या सहा मैलांत मिळून गाडीमालक २००, गाड्या ३०० आणि घोडे ६००, याहून जास्त नाहीत. या मालकांचा एक संघ केला आणि त्यावर देखरेख सोपवली लंडन शहराच्या आल्डरमनांकडे, म्हणजे नगरप्रशासनाकडे. आकडा, हद्द आणि स्थानिक सत्ता हे तीन खांब तेव्हाच उभे राहिले. राजेशाही परतल्यावर १६६२ मध्ये परवाने ४०० झाले, प्रत्येकी वर्षाला पाच पौंड फी बसली आणि तो पैसा रस्त्यांच्या कामाला लावला गेला. १६९४ मध्ये आकडा ७००वर गेला. २१ वर्षांच्या परवान्याला ५० पौंड, शिवाय दरवर्षी चार पौंड. त्या वेळी फ्रान्सशी युद्ध चालू होतं आणि तिजोरीला पैसा हवा होता. गर्दी कमी करण्यासाठी आणलेली मर्यादा ही उत्पन्नाची बाब झाली, आणि पैसा लागला की आकडा सैल करता येतो हे सगळ्यांना कळलं.

लंडनने ही संख्येची मर्यादा १८३१च्या कायद्यानंतर सोडून दिली आणि लंडनच्या टॅक्सींवर ती पुन्हा कधी आली नाही. राहिले ते दर्जाचे नियम. ते मात्र वाढत गेले, आणि त्यांचा तपशील वाचायला मजा येते. त्याच कायद्यात एक कलम होतं की रस्त्यात घोड्याला खायला घालायचं तर दाणा पिशवीतून किंवा गवत स्वतःच्या हातात धरून. रस्त्यावर गवताचे ढीग लागू नयेत, एवढाच त्याचा अर्थ. पण त्यावरून टॅक्सीत गवताची पेंढी ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे अशी एक आख्यायिका तयार झाली आणि मोटारी आल्या तरी ती सांगितली जात राहिली. १८४३च्या कायद्यात चालकांच्या धातूच्या बिल्ल्यांची तरतूद होती. १८५० मध्ये कारभार पोलिसांकडे गेला. १८५३ मध्ये भाडं मैलाला सहा पेन्सवर आणलं तेव्हा गाडीवानांनी संप केला.

दर्जाच्या नियमांची गरज का पडते, हे गाडीच्या दाराशी उभं राहिलं की कळतं. कापड घ्यायचं तर हाताळून बघता येतं, शेजारच्या दुकानात भाव विचारता येतो. टॅक्सी समोर येते तेव्हा ती एकच असते आणि माणूस घाईत असतो. चालकाला रस्ता माहीत आहे का, मीटर बरोबर चालतं का, ब्रेक लागतात का, हे सगळं आत बसल्यावर कळणार. आणि तो चालक पुन्हा भेटण्याची शक्यता जवळजवळ नाही, तेव्हा नाव राखण्याची त्याला गरजही नाही. म्हणून कुणीतरी तिसऱ्याने आधीच तपासणी करून गाडीवर तसं चिकटवून ठेवायला हवं.

लंडनची ‘नॉलेज’ परीक्षा हा त्याचा सगळ्यात कडक नमुना. १८५१च्या भव्य प्रदर्शनाला आलेल्या पाहुण्यांनी गाडीवानांना रस्तेच माहीत नसल्याच्या तक्रारी केल्या आणि त्यातून ही परीक्षा आली, असं सांगतात. तिची सुरुवात १८६५च्या सुमाराची मानली जाते. लंडनच्या मध्यावरच्या चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५,००० रस्ते, पुस्तकात दिलेले ३२० मार्ग, शिवाय वाटेतली थिएटरं, इस्पितळं, क्लब, पोलीस ठाणी. उमेदवार स्कूटरवर नकाशा लावून पावसापाण्यात हे मार्ग फिरतात. मग तोंडी परीक्षा. परीक्षक दोन ठिकाणं सांगतो आणि उमेदवाराने समोर नकाशा न ठेवता एकेका वळणासह रस्ता म्हणून दाखवायचा. हे सगळं पुरं व्हायला तीन-चार वर्षं सहज जातात. गाडीलाही अशीच अट आहे, १९०६ पासूनची: २५ फुटांच्या वर्तुळात ती वळली पाहिजे.

भाड्याच्या भांडणावर तोडगा नियमापेक्षा यंत्राने काढला. मीटर येण्याआधी अंतरांची पुस्तकं छापली जात आणि तरीही किती मैल झाले यावरून रस्त्यात हमरीतुमरी व्हायची. जर्मनीत फ्रीड्रिख व्हिल्हेल्म ब्रून यांनी १८९१ मध्ये टॅक्सीमीटर बनवलं. ‘टॅक्सी’ हे नावच मुळात या यंत्रावरून आलेलं आहे. १९०७ पासून लंडनमध्ये मीटर सक्तीचं झालं. मग नियमांचं कामही बदललं: मीटर मोजलेल्या अंतरावर चालवून तपासायचं, सील लावायचं आणि सील तुटलेलं दिसलं की गाडी बाजूला घ्यायची.

संख्येच्या प्रश्नाची खरी गोष्ट घडली न्यूयॉर्कमध्ये. महामंदीत काम गेलेली माणसं टॅक्सी घेऊन रस्त्यावर उतरली, गिऱ्हाईक कमी आणि गाड्या जास्त झाल्या, चालक उपाशीपोटी चौदा-चौदा तास फिरू लागले. १९३७ मध्ये हास कायदा आला आणि परवान्यांची संख्या १३,५९५वर गोठवली गेली. परवाना म्हणजे गाडीच्या बॉनेटवर ठोकलेला धातूचा छोटा बिल्ला, मेडॅलियन. फी दहा डॉलर. महायुद्धानंतर आकडा ११,७८७वर स्थिरावला आणि १९९६ पर्यंत तिथेच राहिला.

कायद्यात एक गोष्ट होती, जिचं वजन तेव्हा कुणाच्या फारसं लक्षात आलेलं दिसत नाही. हा बिल्ला विकता येत होता. शहर वाढत गेलं, बिल्ले तेवढेच राहिले. दहा डॉलरच्या पत्र्याला हजारांत भाव आला, मग लाखांत. २०१४च्या आसपास एकेक बिल्ला दहा लाख डॉलरच्या वर गेला होता. ज्या चालकाकडे बिल्ला नव्हता तो बारा तासांच्या शिफ्टसाठी गाडी भाड्याने घ्यायचा, पैसे आधी मोजायचे. म्हणजे शिफ्टचे पहिले काही तास मालकाचं देणं फेडण्यात जायचे आणि त्यानंतर पडेल ते त्याचं. चालकाची हलाखी थांबावी म्हणून आणलेली मर्यादा चालकाकडूनच भाडं वसूल करू लागली. मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात बोचरा भाग हाच वाटतो, कारण यात कुणी कायदा मोडला नव्हता.

शहर तरी बाजूला कुठे होतं? नवे बिल्ले काढले की शहर त्यांचा लिलाव करायचं आणि पैसा तिजोरीत जायचा, १६९४चीच पुनरावृत्ती. सावकारांनी बिल्ला तारण ठेवून सढळ हाताने कर्जं दिली. घेणारे बरेचसे स्थलांतरित चालक होते. मग ॲपवरच्या गाड्या आल्या, ज्यांना बिल्ला लागत नव्हता. भाव कोसळले, कर्ज तेवढंच राहिलं. २०१८ मध्ये काही चालकांनी आत्महत्या केल्या. त्याच वर्षी शहराने ॲपच्या गाड्यांच्या नव्या परवान्यांवर मर्यादा घातली. २०२१च्या शरद ऋतूत चालकांनी नगरभवनाबाहेर धरणं धरलं, उपोषण केलं. शेवटी प्रमुख सावकार कंपनीशी तडजोड झाली. कर्जं दोन लाख डॉलरपर्यंत खाली आणायची आणि त्यातल्या १,७०,००० डॉलरची हमी शहराने घ्यायची.

मर्यादा एका फटक्यात उठवली तर काय होतं, हे डब्लिनने दाखवलं. ऑक्टोबर २००० मध्ये आयर्लंडच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला आणि पाठोपाठ टॅक्सींच्या संख्येवरचं बंधन गेलं. डब्लिनमधल्या सुमारे २,७०० टॅक्सी दोनेक वर्षांत तिपटीच्या घरात गेल्या. रात्रीच्या लांबलचक रांगा आटल्या हे खरं. पण आयुष्याची पुंजी घालून परवाना विकत घेतलेल्यांच्या हाती रद्दी आली आणि त्यांची कैफियत ऐकायला सरकारला समिती नेमावी लागली. स्वीडनने १९९० मध्ये याच्याही पुढे जाऊन दरही मोकळे सोडले. तिथे आज टॅक्सीच्या काचेवर एक चिठ्ठी दिसते: १० किलोमीटर आणि १५ मिनिटांच्या प्रवासाला या गाडीत किती पडतील. दर कितीही लावा, पण तो दाराबाहेरून वाचता आला पाहिजे. फ्रान्सने २०१४ मध्ये दुखण्याच्या मुळाशी हात घातला. नवे परवाने विकता येणार नाहीत, पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं, असा नियम केला. जुन्यांची विक्री मात्र चालू राहिली.

लंडन सोडून इंग्लंडच्या बाकीच्या गावांत संख्येचा प्रश्न वेगळ्या वाटेने गेला. तिथे आजही १८४७चा नगर पोलीस कायदा लागू आहे. त्याने भाड्याच्या गाड्यांचा अधिकार स्थानिक मंडळांना दिला, ठरलेल्या हद्दीत सबळ कारणाशिवाय भाडं नाकारणाऱ्या चालकाला दंड ठेवला आणि परवाने किती द्यायचे हे मंडळाच्या मर्जीवर सोपवलं. १९८५च्या कायद्याने ती मर्जी आवळली. संख्या वाढवायची नसेल तर लोकांची लक्षणीय मागणी अपुरी राहत नाही, याची परिषदेला, म्हणजे त्या स्थानिक मंडळाला, खात्री हवी. म्हणून माणसं नेमली जातात. ती शनिवारी रात्री उशिरापर्यंत टॅक्सीथांब्यावर उभी राहून कागदावर खुणा करतात, किती लोक रांगेत, किती मिनिटं थांबले, किती गाड्या रिकाम्या उभ्या. तीनशेहून जास्त वर्षं अंदाजपंचे ठरवलेल्या आकड्याला निदान मोजणीचा आधार मिळाला.

दर्जाच्या नियमांचं गांभीर्य मात्र एका भयंकर प्रकरणाने पुन्हा समोर आणलं. इंग्लंडमधल्या रॉदरहॅम गावातल्या मुलांच्या लैंगिक शोषणावरचा ॲलेक्सिस जे यांचा अहवाल २०१४ मध्ये आला, त्यात काही टॅक्सीचालकांचा हात असल्याचं वारंवार दिसलं. परवाना देण्याआधी चालक ‘लायक आणि योग्य’ आहे याची खात्री करायची, हे कलम कायद्यात कधीपासूनच होतं. खात्री नीट झाली नव्हती. त्यानंतर तिथल्या परिषदेने नियम कडक केले, गाड्यांमध्ये कॅमेरे सक्तीचे केले. २०२० मध्ये केंद्र सरकारने सगळ्या परवाना मंडळांसाठी किमान निकष जाहीर केले.

एवढ्यात हद्द आणि स्थानिक सत्ता हे खांब डळमळू लागले होते. अमेरिकेत ऑस्टिन शहराने चालकांच्या बोटांचे ठसे घ्यायचं ठरवलं, २०१६च्या मतदानात नागरिकांनी तो नियम उचलून धरला, दोन मोठ्या ॲप कंपन्या शहर सोडून गेल्या, आणि पुढच्याच वर्षी टेक्सास राज्याने कायदा करून हा अधिकार शहरांकडून काढून घेतला. इंग्लंडमध्ये कुणी अधिकार काढून घेतला नाही, तो नुसता झिरपून गेला. आधी बुकिंग करून मिळणाऱ्या खाजगी गाडीला तिथे १९७६च्या कायद्याची एक अट आहे: चालक, गाडी आणि बुकिंग घेणारा या तिघांचे परवाने एकाच परिषदेचे हवेत. ते असले की गाडी देशात कुठेही सवारी घेऊ शकते. तेव्हा चालक परवाना तिथून काढतो जिथे तो लवकर आणि स्वस्तात मिळतो, आणि धंदा आपल्या गावात करतो. वुल्व्हरहॅम्प्टन परिषदेच्या पाट्या लावलेल्या गाड्या शेकडो मैलांवरच्या शहरांत फिरताना दिसतात, त्या अशा.

अशाच एखाद्या दूरच्या शहराचा निरीक्षक रात्री तपासणीला बाहेर पडतो. समोरच्या गाडीत त्याच्या परिषदेने सक्तीचा केलेला कॅमेरा नाही. तो मागे जाऊन पाटी वाचतो, वरचं नाव दुसऱ्याच गावाचं असतं. त्या गावाने त्याला तसे अधिकार सोपवलेले नसतील तर तो नंबर टिपून घेतो आणि तिथल्या परिषदेला ईमेल पाठवतो. गाडी तोवर पुढच्या सवारीला निघून गेलेली असते.