‘मला भूल सोसत नाही’ म्हणजे नेमके काय?

ऑपरेशनआधीच्या ‘फिटनेस’ला भूलतज्ज्ञ हमखास एक प्रश्न विचारतात : याआधी कधी भूल दिली होती का, काही त्रास झाला का? उत्तर बहुधा एका वाक्यात येते. ‘मला भूल सोसत नाही.’ या वाक्यातून डॉक्टरांच्या हाती जवळजवळ काहीच लागत नाही. रात्रभर उलट्या झालेला माणूसही हेच म्हणतो आणि ऑपरेशन संपल्यावर चार तास स्वतःचा श्वास सुरू न झाल्याने व्हेंटिलेटरवर राहिलेला माणूसही हेच म्हणतो. पहिल्याला उलटीचे एखादे औषध जास्त दिले की भागते. दुसऱ्याला मात्र एक औषध जन्मभर टाळायचे असते, शिवाय त्याच्या सख्ख्या भावंडांचे रक्तही तपासावे लागते.

औषधांची नावे तुम्हाला आठवणार नाहीत आणि त्याची गरजही नाही. घडले त्याचा क्रम सांगा. त्रास भूल देताना सुरू झाला, ऑपरेशन चालू असताना, की शुद्धीवर येताना? किती वेळ टिकला? ऑपरेशन पूर्ण झाले की मध्येच थांबवले? वॉर्डाऐवजी आयसीयूत नेले का? यातले बरेच काही तुम्ही बेशुद्ध असताना घडलेले असते. ते ओटीबाहेर बाकड्यावर बसलेल्या माणसाला ठाऊक असते, तेव्हा तपासणीला त्यालाच बरोबर न्या.

‘ऑपरेशन अर्ध्या तासाचे होते, पण शुद्ध संध्याकाळी आली’ ही तक्रार घ्या. झोप उशिरा उतरली असेल तर फारशी काळजी नाही. पण शुद्ध आली होती, बोलणे ऐकू येत होते आणि हात उचलत नव्हता, श्वास घेता येत नव्हता, असे असेल तर संशय स्कोलीनवर जातो. ओटीतल्या या औषधाचे पूर्ण नाव सक्सामेथोनियम. पोट भरलेले असते, अपघात असतो, तातडीचे सिझेरियन असते आणि श्वासनलिकेत नळी झटकन घालायची असते, तेव्हा ते वापरतात. मिनिटाभरात सगळे स्नायू सैल पडतात आणि पाच-दहा मिनिटांत ताकद परत येते. ती परत येते, कारण रक्तातले स्यूडोकोलिनएस्टरेज नावाचे विकर (एन्झाइम) स्कोलीनचे तुकडे करून टाकते. हे विकर जन्मतःच सदोष किंवा नाममात्र असेल तर पाच मिनिटांचे काम काही तास चालते. त्यावर उपाय साधा आहे : ताकद येईपर्यंत व्हेंटिलेटर चालू ठेवायचा आणि तोवर झोपेचे औषध बंद करायचे नाही. घोटाळा होतो तो हे लक्षात यायला उशीर झाला तर. मग माणूस जागा असतो आणि पापणीही हलवू शकत नाही.

हा दोष सगळीकडे विरळ आहे, पण आर्य वैश्य म्हणजे कोमटी समाजात तो तुलनेने बराच आढळतो. हा समाज मुख्यतः आंध्र, तेलंगण, कर्नाटकात असला तरी नांदेडसह मराठवाड्यातही त्याची कुटुंबे आहेत, म्हणून तिथल्या भूलतज्ज्ञांनी जात विचारली तर राग मानू नये; प्रश्न वैद्यकीय आहे. दोष दोन्ही पालकांकडून आला तरच पुरता उमटतो. त्यामुळे आईवडिलांना कधी काही झालेले नसते, आणि तरी प्रत्येक सख्ख्या भावंडाला चारात एक एवढी शक्यता राहते. साध्या रक्तचाचणीत विकराची पातळी कळते. मात्र नुकतेच रक्त किंवा प्लाझ्मा चढवला असेल तर रक्तदात्याचे विकर मिसळून आकडा फसवतो, म्हणून काही आठवडे थांबून तपासावे. याच विकराला ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकेही निकामी करतात. फवारणीची विषबाधा होऊन गेली असेल, तर आधी कधीच भूल घेतलेली नसली तरी ते आवर्जून सांगा. पातळी मूळपदावर यायला आठवडे लागतात.

दुसरा आनुवंशिक प्रकार अधिक भयंकर आहे, आणि तो वैद्यकाला कळला तोच एका पेशंटने तोंड उघडले म्हणून. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला पाय मोडलेला २१ वर्षांचा एक विद्यार्थी दाखल झाला. त्याला मोडलेल्या पायापेक्षा भुलेची धास्ती जास्त होती, कारण त्याचे दहा नातेवाईक ईथरच्या भुलेनंतर दगावले होते. डॉक्टरांनी ईथर टाळून तेव्हा नवे असलेले हॅलोथेन दिले. दहाएक मिनिटांत रक्तदाब उतरला, नाडी धावू लागली, अंग भट्टीसारखे तापले. हॅलोथेन लगेच बंद करून त्याला बर्फाने थंड केले आणि तो वाचला. डेनबरो आणि लव्हेल या डॉक्टरांनी १९६० साली ‘लॅन्सेट’मध्ये या कुटुंबाची हकिगत छापली. आज या विकाराला मॅलिग्नंट हायपरथर्मिया म्हणतात. स्नायूपेशीत कॅल्शियमचा दरवाजा सांभाळणाऱ्या प्रथिनात दोष असतो. हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन, डेसफ्लुरेन यांसारखे वायू किंवा स्कोलीन मिळाले की तो दरवाजा उघडाच राहतो. स्नायू आवळलेले राहतात आणि इंधन जाळत सुटतात. कार्बन डायऑक्साइड वाढतो, ताप चढतो, स्नायू फुटून लघवी काळपट होते.

इथे दोष एका पालकाकडून आला तरी पुरतो, म्हणून मुलांना शक्यता निम्मी. ‘माझे मागचे ऑपरेशन तर व्यवस्थित झाले’ यावरही विसंबता येत नाही. दोन-तीन भुली सुरळीत जाऊन पुढच्या वेळी झटका आल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा घरातले कोणी ऑपरेशन टेबलावर दगावले असेल, कोणाचा जबडा भुलेत घट्ट आवळला असेल, अंग एकाएकी तापल्याने ऑपरेशन सोडून द्यावे लागले असेल, तर ते सांगायचे, मामा-आत्याचे असले तरी. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आलेली साधी कणकण मात्र यात मोडत नाही.

आधी कळले तर मार्ग सरळ आहे. वायू आणि स्कोलीन दोन्ही टाळून शिरेतून द्यायच्या प्रोपोफॉल या झोपेच्या औषधाच्या ड्रिपवर भूल देतात. भुलेच्या मशीनमध्ये आधीच्या पेशंटच्या वायूचा अंश राहिलेला असतो, म्हणून वायूची भांडी काढून, नळ्या बदलून ते भरपूर ऑक्सिजनने धुऊन घेतात. आयत्या वेळी कळले तर डॅन्ट्रोलीन हे त्यावरचे औषध लागते : पहिला डोस किलोमागे २.५ मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसाला १७५ मिलिग्रॅम, म्हणजे २० मिलिग्रॅमच्या नऊ कुप्या, आणि प्रत्येक कुपीत ६० मिलिलिटर पाणी घालून विरघळेपर्यंत हलवत बसायचे. आपल्याकडे प्रत्येक रुग्णालयात हे औषध ठेवलेले असेलच असे नाही. कुटुंबात असा इतिहास असेल तर कुठे ऑपरेशन करायचे हे ठरवतानाच तो बोलायला हवा.

ॲलर्जीबाबत गंमत अशी की ‘भुलेची ॲलर्जी’ पुष्कळदा भुलेची नसतेच. ब्रिटनमध्ये ऑपरेशनच्या वेळच्या २६६ गंभीर ॲलर्जींचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात सर्वाधिक वाटा अँटिबायोटिकांचा होता, त्याखालोखाल स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा आणि मग कातडी निर्जंतुक करणाऱ्या क्लोरहेक्झिडिनचा. अंगावर गांध्या उठल्या, ओठ सुजले, बीपी एकदम पडले, असे काही झाले असेल तर त्याआधीच्या पाऊण-एक तासात काय काय दिले होते याची यादीच मिळवावी लागते. चार-सहा आठवड्यांनी त्वचाचाचणी करून नेमका गुन्हेगार शोधता येतो. रबरी फुगा किंवा हातमोज्याने खाज सुटते का, केळे किंवा पपई खाल्ल्यावर ओठ चुरचुरतात का, हेही सांगा. लॅटेक्सच्या ॲलर्जीची ती खूण असू शकते. कोळंबी सोसत नाही म्हणून आयोडीन चालणार नाही, हा मात्र जुना गैरसमज आहे. कोळंबीतले प्रथिन बाधते, आयोडीन नव्हे. आणि दाताच्या इंजेक्शननंतर छाती धडधडली, तर ती बहुधा त्यात मिसळलेल्या ॲड्रेनलिनची करामत.

‘घसा आठ दिवस दुखला’, ‘पुढचा दात हलला’ हे लोक लाजून सांगत नाहीत. त्यामागे नळी घालताना झालेली झटापट असू शकते, आणि पुढच्या भूलतज्ज्ञाला ते कळले तर तो कॅमेऱ्याचे साधन हाताशी ठेवूनच सुरुवात करतो. गुटखा, खर्रा, सुपारीने तोंड आखडले असेल तर स्वतःच पाहा : आपली तीन बोटे उभी करून दातांमध्ये मावत नसतील, तर ते कागदावर लिहून न्या.

उलट्यांचा अंदाज आधी बांधता येतो. स्त्री असणे, धूम्रपान न करणे, आधीच्या भुलेत उलट्या होणे किंवा घाटात एसटी लागणे, आणि ऑपरेशननंतर मॉर्फिनसारखी वेदनाशामके लागणे : चारही गोष्टी जुळल्या तर शक्यता ८० टक्क्यांच्या घरात जाते, एकही नसेल तर १० टक्के. म्हणून एसटी लागते, हीसुद्धा वैद्यकीय माहितीच.

ऑपरेशन चालू असताना बोलणे ऐकू आले असेल तर ‘भास झाला असेल’ म्हणून गिळू नका. ब्रिटनमधल्या २०१४ च्या पाहणीत असा अनुभव सुमारे १९,००० पूर्ण भुलींमागे एकाने सांगितला होता, पूर्ण भुलेतल्या सिझेरियनमध्ये मात्र सुमारे ६७० मागे एकीने.

‘मग मला कमरेतूनच भूल द्या’ ही पळवाट पुरती खरी नाही. मणक्यातली भूल कधी अपुरी पडते, आणि मग आयत्या वेळी पूर्ण भूलच द्यावी लागते.

कागदाचे म्हणाल तर डिस्चार्ज कार्डावर भुलेबद्दल ‘जीए’ (पूर्ण भूल) किंवा ‘एसए’ (मणक्यातली भूल) एवढीच दोन अक्षरे असतात. मागायची ती भुलेची नोंद : दर काही मिनिटांची नाडी, बीपी आणि प्रत्येक औषध त्यात वेळेसह असते. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, पण त्या जपण्याचे बंधन तीनच वर्षांचे आहे. त्रास झाला असेल तर घरी जाण्यापूर्वीच प्रत घ्या.

आणि ‘सर्जनना सांगितले होते’ यावर थांबू नका. सर्जन वेगळे, भूल देणारे वेगळे, आणि फिटनेस तपासणारे भूलतज्ज्ञ ऑपरेशनच्या दिवशी असतीलच असे नाही. टेबलावर घेतल्यावर नाव, ऑपरेशनची बाजू, ॲलर्जी विचारतात, त्याच वेळी पुन्हा एकदा सांगा. अपघातात तुम्हाला बोलता येणार नाही, म्हणून पाकिटात आणि फोनच्या आपत्कालीन माहितीत दोन ओळी ठेवा : ‘स्कोलीन देऊ नये. मागील सिझेरियननंतर पाच तास व्हेंटिलेटर. विकराची पातळी अत्यल्प, रिपोर्ट घरी.’