सातबारा नसलेली शेती आणि १८७८ सालचा कायदा

६ मार्च २०१८ ला नाशिकच्या सीबीएस चौकातून किसान सभेचा लाँग मार्च निघाला आणि १२ तारखेला मुंबईत आझाद मैदानावर पोहोचला. सोलवटलेल्या तळपायांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. मागण्यांत कर्जमाफी होती, हमीभाव होता, म्हणून शहरात तो सरसकट शेतकऱ्यांचा मोर्चा ठरला. पण पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडून आलेल्या कोकणा, वारली, महादेव कोळी या आदिवासी कुटुंबांचं मुख्य म्हणणं एवढंच होतं की, कसतो ती जमीन नावावर करा. पिढ्यानपिढ्या नागली-वरई पिकवणाऱ्याकडे सातबारा का नाही, हे समजून घ्यायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

इंग्रजांना इथलं जंगल आधी दिसलं ते लाकूड म्हणून. मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजं बांधली जात होतीच. मग रेल्वे आली. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी धावली आणि १ जानेवारी १८६५ ला थळ घाटातला लोहमार्ग खुला झाला. तोच आपला कसारा घाट. रुळांखाली टाकायचे काही लाकडी स्लीपर विलायतेहून यायचे, बाकीचा भार देशातल्या जंगलांवर. साग, साल, देवदार सोडले तर बाकीचं लाकूड वाळवी आणि पाऊस यांपुढे काही वर्षांतच कुजायचं, की पुन्हा तोड. लाकूड पुरेनासं होणार हे दिसल्यावर १८६४ मध्ये वनखातं उभं राहिलं, डीट्रिख ब्रँडिस हे जर्मन गृहस्थ त्याचे पहिले प्रमुख. जंगल वाचवायला हवं, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. कोणापासून वाचवायचं, याचं उत्तर मात्र सोयीचं निघालं.

१८७८ च्या वन कायद्याने जंगलाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे भाग पाडले. राखीव करायच्या जंगलाचा जाहीरनामा गावोगावी स्थानिक भाषेत लावायचा, हक्क सांगायला किमान तीन महिने द्यायचे. त्या मुदतीत जो बोलला नाही त्याचा हक्क संपला, तो कसत असलेली जमीनही सरकारी जंगल ठरली. कागदावर बिनतोड. पण डोंगरपाड्यावर जाहीरनामा वाचणार कोण, आणि हक्क म्हणजे लिहून द्यायची गोष्ट असते हे माहीत कोणाला? योगायोग असा की, त्याच १८७८ मध्ये पेठच्या बेगमेच्या मृत्यूनंतर ते छोटं संस्थान खालसा होऊन थेट इंग्रजांकडे आलं. सुरगाणा वेगळं संस्थान होतं, ते १९४८ मध्ये विलीन झालं.

सगळ्यात जास्त खटके उडाले ते राबावरून. घाटमाथ्यावर पावसाआधी फांद्या, पालापाचोळा, शेण, माती यांचे थर रचून जाळायचे आणि त्या भाजलेल्या जागेवर भात-नागलीचं रोप टाकायचं. तण मरतं, राखेचं खत मिळतं. त्यासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या तोडाव्या लागतात, झाड मात्र उभंच राहतं, पुन्हा पालवतं. वन अधिकाऱ्यांना यात नासधूस दिसली. ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत तर ओरड इतकी वाढली की, १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. ज्या कुऱ्हाडीने फक्त फांदी जायची, तिच्यासाठी दंड; ठेकेदाराच्या कुऱ्हाडीला परवाना.

घाटमाथ्याखाली गोष्ट निराळी. १९१६ मध्ये इगतपुरीजवळ दारणा धरण झालं, नांदूरमध्यमेश्वरहून गोदावरीचे कालवे कोपरगावकडे गेले, उसाला पाणी मिळालं. पाऊस पडतो तो घाटमाथ्यावर. तिथल्या बायका उन्हाळ्यात आजही हंडे घेऊन झिरे शोधतात.

स्वातंत्र्यानंतर जंगलाचा मालक बदलला, कायदा नाही. १८७८ च्या जागी १९२७ चा आला होता, तोच चालू राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेत संसदेने ‘ऐतिहासिक अन्याय’ हे शब्द वापरले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचं दाखवायचं, जास्तीत जास्त ४ हेक्टर मिळतात. दाखवायचं कशाने? गावातल्या म्हाताऱ्यांचा जबाब चालतो. आणि वनखात्याने अतिक्रमण म्हणून कधीकाळी फाडलेली दंडाची पावती असेल, तर तीही दाव्याला जोडतात.