विश्रामबाग वाडा

विश्रामबाग वाडा हा पुण्याच्या सदाशिव पेठेतला पेशवेकालीन दुमजली वाडा. तो थोरले बाजीराव रस्त्यावर उभा आहे, पण बांधला दुसऱ्या बाजीरावाने. नवख्या माणसाची इथे हमखास गल्लत होते. जागा मूळची पेशव्यांचे सेनापती हरिपंत फडके यांच्या बागेची. बांधकाम १८०३ च्या सुमारास निघाले, सहाएक वर्षे चालले आणि त्यावर दोन लाख रुपये खर्च झाला, असे सांगतात.

काळ मात्र घर बांधायचा नव्हता. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. बाजीराव वसईला पळाला, ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह करून बसला आणि १३ मे १८०३ रोजी त्यांच्याच फौजेच्या आधाराने पुण्यात परतला. राज्याचा कारभार असा हातचा सुटत असताना धनी वाडे बांधत होता. शुक्रवार वाडाही त्याचाच. शनिवारवाडा असताना हा खटाटोप कशाला, याचे पुणेकरांचे उत्तर ठरलेले आहे: तिथे ३० ऑगस्ट १७७३ रोजी पेशवे नारायणरावांचा खून झाला, आणि त्या कटात ज्याचे नाव आले तो राघोबा म्हणजे बाजीरावाचा बाप. त्या भिंतींत मुलाला झोप लागत नसे म्हणे. यातली झोपेची गोष्ट दंतकथेत जमा करावी. नव्या वाड्याची हौस एवढे कारणही त्या माणसाला पुरले असते.

वाड्याचे खरे वैभव लाकडात आहे. रस्त्याकडच्या पूर्वाभिमुख दर्शनी भागावर, दरवाजाच्या वर, कोरीव सागवानी सज्जा पुढे आलेला आहे. आतले खांब सुरूच्या झाडाच्या घाटाचे, म्हणजे तळाशी भरदार आणि वर निमुळते होत जाणारे. त्यावर केळफुलाचे नक्षीकाम. खांबाजवळ उभे राहून वर पाहिले की सुताराच्या पटाशीची एकेक पाकळी वेगळी मोजता येते. बाहेर वाहनांचा कलकलाट असला तरी चौकात पाऊल टाकताच तो अर्धा होतो. तुळशीबाग आणि शनिपार हाकेच्या अंतरावर असताना हे नवलच.

पेशव्याला हे सुख थोडीच वर्षे मिळाले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला लढाई झाली, १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. ३ जून १८१८ रोजी बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमला शरण गेला आणि सालीना आठ लाखांच्या तनख्यावर कानपूरजवळच्या बिठूरला रवाना झाला. १८५१ साली तो तिथेच वारला. हा वाडा त्याने पुन्हा पाहिला नाही.

नवे धनी इंग्रज. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या कारकिर्दीत, ६ ऑक्टोबर १८२१ रोजी, वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पेशवे श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. त्या निधीतला काही पैसा या शाळेकडे वळवला गेला. शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून न घेता जुनी रीत नव्या कामाला लावण्याची ही युक्ती होती आणि ती साधलीही. कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेचे विद्यार्थी. पुढे मेजर कँडी तिचे प्रमुख झाले, मराठीत विरामचिन्हे रुळवण्याचे श्रेय ज्यांना जाते तेच हे कँडी. १८५१ मध्ये पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एक होऊन पूना कॉलेज झाले. १८६४ पासून त्यालाच डेक्कन कॉलेज म्हणतात. १८६८ मध्ये ते येरवड्याच्या नव्या इमारतीत गेले. थोडक्यात, एका विलासी पेशव्याच्या दिवाणखान्यात पुण्याच्या उच्चशिक्षणाची मुळे रुजली. बाजीरावाला हे कळते तर तो काय म्हणाला असता, कोण जाणे.

१३ मे १८७९ च्या रात्री वाड्याला आग लागली. त्याच रात्री बुधवार वाडाही पेटला. वासुदेव बळवंत फडके यांचे बंड तेव्हा ऐन भरात होते, त्यामुळे सरकारचा संशय लगेच तिकडे गेला. विश्रामबागेचा रस्त्याकडचा भाग जळाला. तो नंतर पुन्हा उभारण्यात आला, म्हणजे आज सज्जाखाली उभे राहून आपण जे पाहतो त्यातले सगळेच काही बाजीरावाच्या सुतारांचे नव्हे.

विसाव्या शतकात पुण्याच्या नगरपालिकेचे दफ्तर इथे आले, आणि १९५० साली महानगरपालिका झाल्यावरही काही वर्षे शहराचा कारभार याच जिन्यांवरून चढत-उतरत राहिला. पुढे टपाल कचेरी, सरकारी ग्रंथालय आणि शहराचा इतिहास सांगणारे ‘पुनवडी ते पुण्यनगरी’ हे प्रदर्शन यांनी खोल्या वाटून घेतल्या. मालकी आज महानगरपालिकेची.

दफ्तरे आणि शाळा यांनी वाड्याची पडझड केली अशी तक्रार जुने पुणेकर करत आले आहेत. ती खोटी नाही. पार्टिशने आणि तारा यांनी नक्षीचे हाल केलेच. पण शनिवारवाडा १८२८ च्या आगीत बेचिराख झाला आणि त्याची तटबंदी व जोती उरली, बुधवार वाडा गेला, शुक्रवार वाड्याचे नाव तेवढे राहिले. विश्रामबागेला प्रत्येक पिढीत कोणी ना कोणी कामाला लावले, म्हणून छपराची कौले बदलली गेली. विश्रांतीसाठी बांधलेल्या या घरात दोनशे वर्षांत विश्रांती अशी फारशी कोणी घेतलीच नाही.