झिरोच्या आकड्यामागे कोण कोण आहे

रायफल किती अंतरावर झिरो करायची, म्हणजे कुठल्या अंतरावर निशाण धरलं तिथेच गोळी लागेल असं जुळवायचं, याचं उत्तर आज मोबाइलवरचं अ‍ॅप काही क्षणांत देतं. गोळीचा वेग, तिचा बॅलिस्टिक कोएफिशंट (ती हवा किती चांगली कापते ते सांगणारा आकडा) आणि नळीपासून स्कोपची, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीची, उंची भरली की कुठल्या अंतरावर गोळी किती वर किंवा किती खाली लागेल, याचा तक्ता समोर येतो. हे अ‍ॅप मुख्यतः अमेरिका-युरोपातल्या शिकाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला लगाम घातला, 1991च्या दुरुस्तीनं ती जवळपास बंदच केली. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979चं. ते झालं हे चांगलंच झालं. पण सोलापूरचा जो मुलगा किंवा मुलगी 50 मीटरवर पॉइंट टू टू चालवते, तिच्या रायफलीलाही हेच गणित लागू आहे. तेवढ्या अंतरात तिची गोळी नळीच्या रेषेखाली सुमारे 12-13 सेंटिमीटर उतरते.

म्हणूनच नळी नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेली असते. गोळी खालून वर येत ती रेषा एकदा ओलांडते आणि पुढे उतरताना पुन्हा ओलांडते. हा दुसरा छेद म्हणजे आपला झिरो.

आपल्या मुलखात तोफा काही कमी नव्हत्या. 1549मध्ये अहमदनगरला ओतलेली मुलुख-ए-मैदान परांड्याला होती, तिथून ती विजापूरला गेली. तोफ ओतण्याचं कसब इथे अव्वल होतं. गोळा कुठे पडेल हे मात्र गोलंदाज अनुभवानं ठरवत. इटलीत टार्टाग्लिया या गणितज्ञानं 1537मध्ये या प्रश्नाला भूमिती लावून पाहिली होती. गॅलिलिओनं 1638मध्ये गोळ्याची वाट परवलयाची असल्याचं दाखवलं, पण त्यात हवा धरली नव्हती.

हवेचा अडथळा मोजला तो बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानं, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला खरा मोठा माणूस तोच. टांगलेल्या जड लाकडावर गोळी मारायची, ते किती मागे झुलतं हे पाहायचं आणि त्यावरून गोळीचा वेग काढायचा, ही त्याची युक्ती. त्याचं पुस्तक 1742चं. वेगवान गोळीला हवा तिच्या वजनाच्या अनेक पटींनी अडवते, हे त्यातून कळलं. ऑयलरसारख्या गणितज्ञानं या पुस्तकाचं जर्मन भाषांतर केलं. पुढे ईस्ट इंडिया कंपनीची तटबंदी बांधायला रॉबिन्स भारतात आला आणि 1751मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला वारला. आपल्याकडे त्याची आठवण कुणी काढत नाही, याची मला खंत वाटते.

एकोणिसाव्या शतकात क्रुप कंपनीनं जर्मनीत मेप्पेनला चाचण्या घेतल्या. रशियाच्या मायेव्स्कीनं त्यांचं गणित मांडलं, अमेरिकेच्या इंगॉल्सनं त्यावर तक्ते बांधले. अ‍ॅपमधला ‘जी-वन’ याच परंपरेतला आहे. एक इंच व्यासाची, एक पौंडाची प्रमाण गोळी धरायची आणि आपली गोळी तिच्या तुलनेत हवा किती चांगली कापते ते सांगायचं. दुसऱ्या महायुद्धात तोफांचे तक्ते करताना साठ सेकंदांच्या एका मार्गाला माणसाला वीसेक तास लागत. त्यासाठीच एनिअ‍ॅक हा संगणक बांधला गेला. 1946मध्ये तो जगासमोर आला, तेव्हा तेच काम अर्ध्या मिनिटात होऊ लागलं.

शिकाऱ्यानं यात स्वतःचा प्रश्न घातला. हरणाच्या छातीतला जिव्हारी लागणारा भाग साधारण सहा इंचांचा धरला, तर गोळी नजरेच्या रेषेपासून तीन इंचांहून जास्त वर-खाली न जाता किती दूर जाईल? त्यावरून झिरो ठरतो. जनावर घायाळ होऊन तडफडत राहू नये, ही काळजी या आकड्यात आहे. पॉइंट थ्री-झिरो-एट या काडतुसाची 150 ग्रेनची (सुमारे पावणेदहा ग्रॅमची) गोळी 200 यार्डला झिरो केली, तर 100 यार्डला ती साधारण दोन इंच वर आणि 300 यार्डला आठ-नऊ इंच खाली लागते.

अ‍ॅप तापमान आणि दाबही विचारतं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे. मे महिन्यात 42 अंशांना इथली हवा 15 अंशांच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे 13 टक्के विरळ असते. 100-200 यार्डांवर त्यानं फारसं बिघडत नाही, लांबवर बिघडतं. जवळच्या अंतरावर जास्त चुकतं ते काडतुसाच्या डब्यावरचा वेग जसाच्या तसा भरल्यानं. तो बहुधा दुसऱ्याच लांबीच्या नळीतून मोजलेला असतो. आपल्या रायफलीतून सुटणाऱ्या गोळीचा वेग क्रोनोग्राफ या वेगमापक यंत्रावर मोजावा, स्कोपची उंची पट्टीनं घ्यावी आणि आलेला तक्ता रेंजवर कागदी टार्गेटवर पडताळावा.